मनात मोजलेले वळसे

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
८ जुलै १९७९

चि. वनजा,

विठोबा तुझे भले करो.

पोस्टमन सत्यनारायण आला तेव्हा मी उंबऱ्यावर बसून फणसाच्या बिया सोलत होते. "अज्जी, पुण्याहून पुस्तक," म्हणाला. पुस्तक नव्हे, साप्ताहिकाचे दोन अंक, आणि आत माझ्या नातीचे नाव! वनजा रंगराव! अय्यो, मी ते पान आधी तुझ्या आजोबांच्या फोटोपुढे धरले. मग दुकानात जाऊन तुझ्या बापाला दाखवले. गळ्यात टेप, कानावर खडू, तसाच उभ्याने वाचत राहिला आणि म्हणाला, "आई, हिने माझेही नाव घातले आहे, म्हणजे लोकांनी शिव्या दिल्या तर अर्ध्या मला." पण नंतर येईल त्या गिऱ्हाइकाला पान दाखवत बसला. दोघा गिऱ्हाइकांची मापे चुकली.

एकादशीला देवळात बायकांना वाचून दाखवले. मी तिसऱ्या बुकापर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आले की मी थांबते, तेवढ्यात बायका पुढची गोष्ट आपणच सांगून मोकळ्या होतात. अंबूताई चामराजपुरमहून चालत आल्या होत्या. त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी दुसरा कान माझ्या तोंडाला लावला आणि मला अंकच दिसेना. मागच्या घरची शांताक्का आली होती, लेकीला, कमलाक्षीला घेऊन. कमलाक्षी तुला आठवते ना? एकतीस वर्षांची झाली, पण मन सात वर्षांच्या पोरीचे. शर्टांची काजे मात्र अशी करते की मोहल्ल्यातले चार दुकानदार तिच्यासाठी थांबतात. तिला तुझ्या गोष्टीतली चंपूमावशी फार आवडली. "मावशी बाळाला औषध देते," एवढे दहादा म्हणाली.

तू विचारलेस, गुटी कशी उगाळतात. तुला मीच दिली होती, पण तू तेव्हा तोंड वाकडे करण्यात गुंतली होतीस. सहाण स्वच्छ धुवायची. आईचे दूध चमचाभर घ्यायचे. त्यात वेखंड, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, बाळहिरडा एकेक उगाळायचे. कुणाचे किती वळसे, ते बाळाच्या वयावर आणि पोटावर. जायफळाचे दोन, फार तर तीन. त्याने झोप येते. आता एक गोष्ट नीट लिही, लोक हेच चुकतात. वळसे मनात मोजायचे. तोंडाने मोजायचे नाहीत आणि आईला सांगायचे नाहीत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, मोठ्याने मोजले तर गुटीचा गुण हवेत जातो आणि आईला सांगितले तर आई शहाणी होते. म्हणून ज्या बाईने उगाळले तिलाच ठाऊक, आत काय गेले.

पूर्वी दसऱ्याच्या आधी बायका फार मागे लागायच्या, अक्का, जायफळ जरा जास्त द्या, पोर झोपले तर शिवण होईल. असले काही मी ऐकत नसे. असो. मी आता जायफळ घालतच नाही, त्याला बरीच वर्षे झाली.

फणसाच्या बियांची उसळ केली होती. मांजराने तोंड घातले.

तुझी
गिरिजाअज्जी


सदाशिव पेठ, पुणे
१६ जुलै १९७९

ती. अज्जी,

नमस्कार. तुझे पत्र मी शाळेच्या शिक्षक-खोलीत वाचले आणि एकटीच हसले. गणिताच्या बाईंना वाटले मला काहीतरी झाले आहे.

आणि तू मला केवढी मोठी वस्तू दिलीस, तुला कल्पना नाही. चंपूमावशी आत्तापर्यंत नुसती चांगली होती. गावातल्या पोरांना बरे करायची, पैसे घ्यायची नाही, सगळे तिला हात जोडायचे. संपादक म्हणाले, "बाई, ही तुमची मावशी फोटो काढून भिंतीला लावण्यासारखी आहे. पण भिंतीवरच्या फोटोची गोष्ट कोण वाचणार?" मला राग आला होता. पण खरेच, तीन भाग झाले आणि वाचकांची पत्रे आली दोन. त्यातले एक माझ्या मैत्रिणीचे.

मग तुझे ते वाक्य वाचले, "ज्या बाईने उगाळले तिलाच ठाऊक, आत काय गेले." अंगावर काटा आला. आता चंपूमावशीकडे एक बाई येते. सुगी आहे, तिला शेतावर जायचे आहे, बाळ रडते. मावशीला तिची दया येते आणि ती जायफळाचे वळसे वाढवते. पाचवा भाग लिहून दिलासुद्धा.

मला एवढेच सांग, दहा-बारा वळसे दिले तर बाळाचे काय होते? तू इतकी वर्षे गुटी दिलीस, तुला माहीत असणार. लवकर कळव.

तुझी
वनजा


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२४ जुलै १९७९

चि. वनजा,

पत्र मिळाले. इकडे चार दिवस झड लागली आहे. दुकानाचे छप्पर एका जागी गळते, तुझा बाप त्याखाली बादली ठेवतो आणि मग त्याच बादलीला अडखळतो. अंबूताईंनी नवे दात बसवले. बोलताना टकटक वाजतात, घड्याळाची गरज राहिली नाही.

तू विचारलेस ते मला ठाऊक नाही. बारा वळसे कोण देतो? कुणी देत नाही.

गोष्टीत दुसरे काहीतरी घाल. चंपूमावशीला साप चावू दे. नाहीतर तिचा हरवलेला भाऊ परत येऊ दे, बायकांना भाऊ फार आवडतात. आहे तशी चांगली आहे ती, राहू दे तिला चांगली. चांगल्या माणसाने तुझे काय बिघडवले?

शांताक्काला तुझी गोष्ट आवडते. तिच्यासाठी तरी नीट लिही.

तब्येत सांभाळ. डोक्याला तेल लाव.

गिरिजाअज्जी


पुणे
६ ऑगस्ट १९७९

ती. अज्जी,

साप चावण्याची सूचना संपादकांना सांगितली. ते इतके हसले की त्यांचा चहा सांडला.

तू माझ्या मावशीवर रागावलीस, मला कळले. पण ऐक. पाचवा भाग आल्यावर एका आठवड्यात एकेचाळीस पत्रे आली! एका गृहस्थांनी लिहिले आहे, तिला तुरुंगात घाला. एका नर्सबाईंनी लिहिले, "तिला काही करू नका हो, मी तिला ओळखते." अज्जी, जोवर ती नुसती बरे करत होती तोवर तिच्याकडे कुणी बघत नव्हते. तिचा हात चुकला आणि सगळे तिचे झाले. हे असे का होते? मला नीट सांगता येत नाही, पण मलाही ती आता जास्त आवडते.

सोबत पाचवा आणि सहावा भाग आहे. सहाव्याच्या शेवटी बाळ उठत नाही. दिवस मावळतो, आई शेतावरून येते, हाका मारते, तरी उठत नाही. तिथेच थांबवले आहे. पुढे काय होते ते मलाही अजून ठरवायचे आहे.

येत्या एकादशीला वाच आणि बायका काय म्हणतात ते सगळे कळव. एक शब्द गाळू नकोस.

तुझी
वनजा


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२० ऑगस्ट १९७९

चि. वनजा,

गाळू नकोस म्हणालीस, म्हणून लिहिते.

मला वाचायचेच नव्हते. चष्मा सापडत नाही म्हणाले. तर अंबूताईंनी माझ्या डोक्यावरचा चष्मा काढून माझ्याच नाकावर ठेवला. पाचवा भाग वाचला तेव्हा भांडणच लागले. अंबूताई म्हणाल्या, "अशी बाई माझ्या नातसुनेच्या बाळाजवळ फिरकली तर झाडूने मारीन." वरच्या आळीची एक म्हणाली, "मारा की. पण रात्रभर रडणारे पोर मांडीवर घेऊन मशीन चालवून बघा आधी." मग अंबूताई थोड्या वेळाने आपणच म्हणाल्या, "पुढे वाच गे. मेलीची काळजी वाटते."

तू विचारतेस, असे का होते. मी अडाणी, पण मला वाटते ते सांगते. आपले लेकरू आपण कुणाच्या तरी हातात देतोच. वैद्य असो, डॉक्टर असो, सुईण असो. तो हात काय देतो ते आपल्याला दिसत नाही. त्या हाताच्या मनात काय चालले आहे, हे एकदा तरी बघावे असे सगळ्यांना वाटते. तू दार उघडून दाखवलेस, म्हणून सगळ्या आत डोकावतात.

मग सहावा भाग. बाळ उठत नाही, तिथे मी थांबले. कमलाक्षीने माझा पदर ओढला. "काकी, बाळ उठले का?" मी म्हटले, पुढच्या वेळी. "आत्ता उठले का?" मी म्हटले, पुस्तक संपले, बाळ. ती रडायला लागली. शांताक्का उठली, तिचा हात धरला आणि प्रसाद न घेता निघून गेली. शाळेत उभ्या केलेल्या मुलीसारखी पाठ ताठ ठेवून. त्यानंतर ती माझ्याकडे आलेली नाही. रोज चार वाजता माझ्याकडे कॉफी घेते, तीस वर्षे झाली. काल चार वाजता मी दोन लोटे भरले आणि एक ओतून टाकला.

कमलाक्षी मात्र येते. खिडकीतून विचारते, "उठले का?"

वनजा, त्या बाळाला उठव. लगेच उठव, आणि धडधाकट उठव. त्याच्या आईला काही कळू देऊ नकोस. तुझ्या अज्जीने आजवर तुझ्याकडे काही मागितले आहे का?

गिरिजाअज्जी


पुणे
२९ ऑगस्ट १९७९

ती. अज्जी,

तुझे पत्र वाचून आधी आनंद झाला, मग वाईट वाटले. गोष्ट ऐकून देवळातल्या बायका भांडल्या, रडल्या, याहून मोठे बक्षीस मला कोण देणार? पण तुझे मागणे मला पुरे करता येत नाही.

बाळ उठेल. तेवढे मी कमलाक्षीसाठी करते. पण मावशी गप्प बसली तर ती मला नकोशी होईल. चुकणारी बाई मला आवडते, चुकून साळसूद राहणारी नाही. तिने आईसमोर जाऊन सांगितलेच पाहिजे, "तुझ्या बाळाला मी झोपवले." सातव्या भागात ती सांगते. आणि आई तिला घराबाहेर काढते, गाव तिला टाकते. संपादकांना फार आवडले. तोवर त्यांनी गोष्ट थांबवून वाचकांना ताटकळत ठेवले आहे, सोळा सप्टेंबरच्या अंकात येईल. मी आधीच तुला एक प्रत पाठवीन, म्हणजे एकादशीला तुझ्या हातात असेल.

शांताक्कांना माझा नमस्कार सांग. त्यांना गोष्ट लागली असेल. कमलाक्षीही लहानपणी फार आजारी पडली होती ना? तापात? मला आधी सुचायला हवे होते. माझ्या वतीने त्यांची माफी माग.

तू का एवढी घाबरतेस ग? गोष्टच आहे.

तुझी
वनजा


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
५ सप्टेंबर १९७९

वनजा,

हे पत्र वाचून फाडून टाक. बापाला कळवू नकोस.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा दसरा. राजवाड्याच्या चाकरांचे अंगरखे शिवायचे काम मोहल्ल्यात वाटले होते. शांताक्काच्या नवऱ्याने, सयाजीरावाने, साठ अंगरखे घेतले. शांता तेव्हा पंचवीस वर्षांची, घरात सासू नाही, नणंद नाही, आणि कमलाक्षी पाच महिन्यांची, पोटदुखीने सारखी रडणारी. साठ अंगरख्यांची काजे शांताने हाताने करायची. गुटीला आली तेव्हा तिच्या बोटांना सुयांची भोके पडली होती. म्हणाली, "अक्का, हिला एक दुपार झोपू द्या. जायफळ जास्त घाला. पाया पडते."

मी म्हटले, "मी असले करत नाही. गिरिजाबाईच्या हातून असले होत नाही." मोठ्याने म्हटले, ओसरीवर चार बायका बसल्या होत्या, त्यांना ऐकू जावे म्हणून. एकीला हो म्हटले असते तर सगळ्या रांग लावून उभ्या राहिल्या असत्या, आणि माझ्या नावाचे काय?

तोंडाने नाही म्हटले. पण तिची बोटे दिसत होती. सहाणेवर जायफळ धरले आणि मनात मोजले. बारा.

कमलाक्षी झोपली ती दिवेलागणीला उठली नाही. रात्री उठली नाही. दुसऱ्या दिवशी अंगात ताप. डॉक्टरने विचारले, काही दिले होते का? मी तिथेच उभी होते, वनजा. शांता गप्प होती, बिचारीला काय ठाऊक? आणि मी म्हटले, "नेहमीची गुटी." डॉक्टर म्हणाला, ताप डोक्यात गेला असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरीने डोळे उघडले. चालली तीन वर्षांनी. बोलली पाचव्या वर्षी. तापाने झाले की माझ्या बाराने, विठोबाला ठाऊक. मला ठाऊक नाही. ठाऊक नाही हेच मला खाते.

शांता आजही बायकांना सांगते, गिरिजक्का फार कडक, दयेपोटीसुद्धा वाकडे काम केले नाही तिने. आणि मी तिच्यासमोर कॉफी ओतते.

तू लिहिलेस, चुकून साळसूद राहणारी बाई नकोशी होते. बरोबर लिहिलेस.

तुझा सातवा भाग मी देवळात वाचणार नाही. तुझ्या चंपूमावशीने सांगायच्या आधी मी सांगितले पाहिजे. चार दिवसांत सांगीन. रोज चार वाजता उठते, पदर सारखा करते आणि मागच्या दारापर्यंत जाऊन परत येते.

गिरिजा


पुणे
११ सप्टेंबर १९७९

अज्जी, अज्जी,

सांगू नकोस. हे पत्र वेळेवर पोचले तर सांगू नकोस.

मी संपादकांकडे गेले. सातवा भाग छापायचा थांबवला आहे. ते चिडले, अंकात माझ्या जागी भाजीपाल्याच्या लागवडीवर लेख टाकताहेत. टाकू देत. मावशी सांगत नाही, बाळ उठते, आई शेतावर जाते, संपले. मी तुला शिकवायला निघाले होते. सव्वीस वर्षांची मी, खुर्चीवर बसून बाईला गावाबाहेर काढत होते. मला क्षमा कर.

तू सत्तर वर्षांची आहेस. शांताक्का तुझ्याशी बोलेनाशा झाल्या तर तू काय करशील? एकतीस वर्षांनी हे सांगून कुणाचे भले होणार आहे? कमलाक्षीचे होणार आहे का?

उलट टपाली दोन शब्द लिही. पोस्टकार्ड लिही.

वनजा


पुणे
२५ सप्टेंबर १९७९

अज्जी,

दोन आठवडे झाले. एकादशी गेली. तुझे पत्र नाही. बाबांना दुकानाच्या पत्त्यावर विचारले, तर त्यांनी लिहिले, "आई बरी आहे, जेवत कमी आहे, मागच्या अंगणाकडे बघत बसते." हे बरे असणे आहे का?

शाळेला दसऱ्याची सुटी लागते आहे. मी येऊ का? बस, आगगाडी, काहीही पकडून येते.

एकच सांग. सांगितलेस का?

वनजा


लष्कर मोहल्ला, म्हैसूर
४ ऑक्टोबर १९७९

चि. वनजा,

विठोबा तुझे भले करो. तू येऊ नकोस, सुटीत झोप काढ. मी जेवते आहे. काल पुरणाच्या होळिगे खाल्ल्या, तीन.

तुझे सांगू-नकोसचे पत्र आले तेव्हा सांगून पाच दिवस झाले होते.

अकरा तारखेला गेले. शांताक्का शर्टाची कॉलर उसवत बसली होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले, बसले असते तर तोंड उघडले नसते. बारा म्हटल्यावर तिचा हात थांबला. डॉक्टरला काय सांगितले तेही सांगितले. तिने वर बघितले नाही. म्हणाली, "घरी जा, गिरिजक्का." एवढेच. मी आले.

मग काही नाही. एक दिवस, दोन दिवस. मला वाटले सयाजीराव काठी घेऊन येतील, ते आले नाहीत. वाटले मोहल्ल्यात कळेल, अंबूताई झाडू घेऊन येतील. कुणाला कळले नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. कमलाक्षीही यायची थांबली, खिडकीत कुणी विचारेना. तुझा बाप म्हणाला, "आई, मांजर मेले का? तू अशी का बसतेस?" मांजर त्याच्याच पायाशी होते. एकादशीला देवळात सगळ्या म्हणाल्या, पुढचा भाग कुठे? मी म्हटले, भाजीपाला आला आहे. तोही वाचायला लावला मला. मुळ्याला पाणी किती द्यावे ते आता सगळ्यांना पाठ आहे.

अठरा दिवस गेले.

आयुधपूजेच्या दिवशी तुझ्या बापाने दोन्ही मशिनी पुसल्या, कात्र्यांना कुंकू लावले, सुया एका ताटात ठेवल्या. त्या दिवशी कुणी शिवत नाही, मोहल्ल्यात कधी नाही ती शांतता. मी फुले वाहात होते. दारात शांताक्का. मागे कमलाक्षी. शांताक्काच्या हातात पदराखाली काहीतरी जड. तिने कात्रीशेजारी ते ठेवले. तिच्या घरची सहाण, आणि एक अर्धे झिजलेले जायफळ.

"हे माझे आयुध," म्हणाली. "याची पूजा मी एकतीस वर्षे केली नाही."

मला काही कळेना. तेव्हा ती बोलली, "तू नाही म्हणालीस ना ओसरीवर, सगळ्यांसमोर? मला वाटले, ही देणार नाही. मी पोरीला घरी नेले, दार लावले, आणि स्वतः उगाळले. मला मोजता कुठे येत होते तेव्हा. दहा असतील. डॉक्टरने विचारले तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. तू म्हणालीस नेहमीची गुटी, मला वाटले, विठोबाच बोलला, मला वाचवले."

वनजा, मी खाली बसले.

तुला वाटेल, मग दोघी गळ्यात पडून रडल्या. नाही गे. शांताक्का इतकी संतापली की ताटातल्या सुया हालल्या. "देवमाणूस समजून तुझ्या पाया पडले मी. रोज चार वाजता तुझ्याकडे येत होते ती का? तू नाही म्हणू शकलीस आणि मी नाही म्हणू शकले नाही, म्हणून. तुझ्या स्वयंपाकघरात बसले की वाटायचे, चांगल्या बाईच्या सावलीत बसले आहे. आणि तू! तोंडाने हो म्हणाली असतीस तर मी घरी जाऊन हात लावला असता का जायफळाला?"

मी म्हटले, "नसता लावला."

"आणि नाहीच दिले असतेस तर माझ्या दहाने काय होणार होते?"

मी म्हटले, "ठाऊक नाही, शांता."

"मलाही नाही," ती म्हणाली. कमलाक्षी सुयांच्या ताटात झेंडूच्या पाकळ्या टाकत होती. शेवटी शांताक्का म्हणाली, "कॉफी कर. तुला माफ केले म्हणून नव्हे. डोके दुखते आहे." मी केली. कडू झाली, तिने तसे सांगितलेही. पूर्वी कधी सांगत नसे.

आता तुझ्या गोष्टीचे. तू विचारले होतेस, सांगून कुणाचे भले. मला अजून सांगता येत नाही. शांताक्का कधी येते, कधी येत नाही. आली तर कधी बोलते, कधी नुसती बघते. पण एक सांगते. तुझ्या गोष्टीत मावशीचेच मन आहे सगळे. आई नुसती शेतावर जाते आणि येते. तिला कुणी विचारलेच नाही, बाई, तुझ्याकडे काय आहे सांगायला? तू तिला विचार. मग मावशीला गावाबाहेर काढायचे की नाही, ते ती बघून घेईल. तुझ्या संपादकाला सांग, मुळ्याला पाणी पुरे झाले.

परवा एकादशीला अंबूताई नातसून आणि तिचे दोन महिन्यांचे बाळ घेऊन आल्या. देवळातून परस्पर माझ्याकडे. पोट धरत नाही, रात्रभर रडते. गुटी दे म्हणाल्या. शांताक्का आणि कमलाक्षी बसल्या होत्या. मी सहाण धुतली. वेखंड हातात घेतले आणि सवयीने ओठ मिटले.

"मोठ्याने मोज," शांताक्का म्हणाली.

अंबूताई म्हणाल्या, "अय्यो, गुण जाईल की!"

"गेला तर जाऊ दे. मोठ्याने मोज, गिरिजक्का. आईला ऐकू दे."

मग मी मोजले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. वेखंड एक. हळकुंड एक, दोन. बाळाची आई समोर बसून ओठ हलवत होती, पाठ करत होती. सुंठ एक. कमलाक्षी माझ्या मांडीला टेकून बसली, बघता बघता तीही माझ्याबरोबर मोजायला लागली. तिला दहापर्यंत येते. नंतर मी चमचा उचलला, तर तिने शांताक्काच्या पदरातून ते झिजलेले जायफळ काढून माझ्या हातात दिले. मी शांताक्काकडे बघितले. मग ते सहाणेवर टेकले.

कमलाक्षी मोठ्याने म्हणाली, "एक."

"दोन."

आणि माझे मनगट धरून म्हणाली, "पुरे, काकी."

तुझी
गिरिजाअज्जी